बदलीवरचा चांडाळ



जादूच्या सिनेमात काय वाटेल ते होतं. दगड पाण्यावर तरंगतो. माकड उडून सूर्य गिळायला जातं. मेलेलं पोर चितेवरून उठून बसतं. बाप्याची बाई होते, बाईचा बाप्या होतो, राक्षसाचा राजपुत्र होतो. एकच गोष्ट जागची हलत नाही. ज्याचा जन्म राजाच्या घरी, तो रानोमाळ भटकला तरी शेवटच्या रिळात राजाच असतो. ज्याचा जन्म गावकुसाबाहेर, त्याच्या दारावरून जादू निघून जाते, आत येत नाही. ज्यांची कल्पना एवढी मोकाट धावते ती नेमकी आपल्या वेशीवर येऊनच का बसकण मारते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आसेगावात हे बोललो तर एक कार्यकर्ता म्हणाला, "काऊन गा, गायरानाचे पट्टे झाले नाहीत, पोरायची शिष्यवृत्ती अडकून पडली, अन् तू पोट्ट्यायच्या सिनेमावर लिहून रायला?"

त्याचा राग बरोबर आहे. पण गायरानाचा कागद ज्या टेबलावर अडतो, त्या टेबलामागच्या माणसाच्या डोक्यात एक चित्र असतं. जमीन कोणाला शोभते, खुर्ची कोणाला शोभते, मसणवाटा कोणाला शोभतो, याचं चित्र. ते त्याने नोकरीला लागल्यावर शिकलेलं नाही. तो पाच-सहा वर्षांचा होता, आजीच्या मांडीवर होता, नाहीतर पडद्यासमोर तोंड वासून बसला होता, तेव्हाच ते आत गेलं. म्हणून पोट्ट्यायचा सिनेमा.

मी अकोल्याला एका डाळ मिलमध्ये आहे. सुट्टीला घरी येतो तर वस्तीतली पोरं मोबाइलला चिकटलेली. काय पाहता रे? छोटा भीम. २००८ पासून हा भीम टीव्हीवर आहे, त्याचं ढोलकपूर आहे, राजा आहे, राजकन्या आहे, लाडू आहेत. २०२४ साली तर खऱ्या माणसांचा सिनेमाही निघाला, 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान', अनुपम खेर वगैरे मंडळी घेऊन. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भाचा माझ्या खांद्यावर बसून विचारतो, "मामा, भीम लाडू कवा खाते?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. हसण्यासारखंच आहे. त्या पोराच्या डोक्यात भीम एकच आहे, आणि तो आपला नाही.

त्या कार्टूनमध्ये भीमाशी मुद्दाम भांडण उकरणारा, मार खाणारा पोरगा कोण? कालिया. नावाने काळा, रंगाने काळा, अंगाने थोराड. हे नाव काही आजचं नाही. फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला, त्यात त्यांची लहान पोरगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि काळ्या नागाच्या डोक्यावर नाचली. नाग म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांचं नागपूरचं भाषण आठवतं, नाग लोक आठवतात. १९१९ चा कालिया पाण्यात मार खात होता, २००८ पासूनचा आखाड्यात खातो. आमच्या वस्तीतली सगळी पोरं कालियाच्या रंगाची. खेळ मांडला की सगळ्यांना भीम व्हायचं असतं आणि जो सगळ्यात काळा त्याला कालिया करतात. हे करणारीही आमचीच पोरं.

आता मुळाशी जातो.

आपल्याकडचा पहिला मोठा सिनेमा 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन. घरच्या सगळ्यांनी बसून पाहायचा, चमत्काराचा, साहसाचा, रडवणारा आणि शेवटी गोड होणारा. म्हणजे आज ज्याला फॅमिली पिक्चर म्हणतात तोच. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. राजा विश्वामित्राला राज्य देऊन बसतो, दक्षिणा राहते. ती फेडायला काशीच्या बाजारात बायको-पोर ब्राह्मणाला विकतो आणि स्वतःला डोंबाला, म्हणजे चांडाळाला विकतो. मसणात प्रेतं जाळतो, कर वसूल करतो. स्वतःचं पोर साप चावून मेलं तरी कर मागतो. मग देव येतात, पोर उठतं, राज्य परत मिळतं.

लोक कुठं रडतात ते पाहा. बायको ब्राह्मणाच्या घरी भांडी घासते ते दुःख आहेच. पण राजा चांडाळाचा नोकर झाला, ही खरी खाई. याच्या खाली पायरीच नाही. गोष्टीला सत्याची किंमत दाखवायची आहे, आणि ती किंमत मोजायचं माप म्हणून चांडाळ वापरला आहे. तराजूतल्या वजनाला कोणी विचारत नाही की बाबा तुझं कसं चाललंय.

गिरणीच्या भाषेत सांगायचं तर हरिश्चंद्र बदलीवर आला होता. मीही दोन वर्षं बदलीवर होतो, म्हणून मला हे चटकन दिसतं. बदली कामगार थोडे दिवस येतो, खाडा भरून काढतो, जातो. ज्या मसणात हा राजा बदलीवर होता तिथं पिढ्यान् पिढ्या कायम असलेले लोक होते. आजही काशीत मणिकर्णिकेवर आणि हरिश्चंद्र घाटावर डोमांचीच माणसं प्रेतं जाळतात. घाटाला नाव मात्र बदलीवाल्याचं. जो थोडे दिवस राबला तो सत्यवादी. जो जन्मभर धुरात उभा, त्याच्या कामाला सत्य म्हणावं की काय म्हणावं, हा प्रश्न ना पुराणाला पडला ना पडद्याला.

आणि पुढची गंमत ऐका. मार्कंडेय पुराणात शेवटी कळतं की राजाला विकत घेणारा तो चांडाळ, चांडाळ नव्हताच. साक्षात धर्म चांडाळाचं रूप घेऊन आला होता. म्हणजे अख्ख्या गोष्टीत आपल्या माणसाला एकच जागा होती, मालकाची, आणि तीही देवाने खोट्या दाखल्यावर बळकावली. जात पडताळणी समिती तेव्हा नव्हती, नाहीतर धर्माचं प्रकरण तिथं गेलं असतं.

हे बदलीचं तंत्र सिनेमाने पुढे मनापासून पाळलं. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके राणी झाले. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये हेच साळुंके राम आणि हेच सीता. लोकांनी हात जोडले. पुरुषाची सीता चालते, कारण पडद्यावर सोंग चालतं असं सगळ्यांना मान्य आहे. १९३६ साली 'अछूत कन्या' आला, देविकाराणी अस्पृश्य झाली. १९५९ साली 'सुजाता'त नूतन अस्पृश्य झाली. वाहवा झाली. मग उलटं करून पाहू. मल्याळी भाषेतल्या पहिल्या मूकपटात, 'विगतकुमारन'मध्ये, पी. के. रोझी नावाची पुलया जातीची बाई नायर घरची बाई झाली. प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. तिला प्रांत सोडून पळावं लागलं. सोंगाचा नियम एवढाच की त्यांनी आपलं सोंग घेतलं तर अभिनय, आपण त्यांचं घेतलं तर गुन्हा.

तुम्ही म्हणाल हे जुनं झालं. मग गांधींची गोष्ट सांगतो. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की लहानपणी त्यांनी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि ते त्यांच्या मनातून जाईना. मनातल्या मनात ते हरिश्चंद्र होऊन किती वेळा जगले. पोर कोणाच्या आत शिरून गोष्ट पाहतं, हे यात आहे. ते पोर राजाच्या आत शिरलं. डोंबाच्या आत शिरायला दार ठेवलंच नव्हतं. १९३२ साली प्रभातने हीच गोष्ट बोलपटात आणली, 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. त्याच १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला उपोषण झालं. एका नाटकामुळे पुणे करार झाला असं म्हणण्याएवढा मी खुळा नाही. पण अस्पृश्यांसाठी सत्यवादी माणूस प्राण पणाला लावतो आणि अस्पृश्याने गप्प उभं राहून त्या सत्याचं माप व्हायचं, ही मांडणी मला ओळखीची वाटते. बाबासाहेब गप्प उभे राहिले नाहीत, हा फरक.

पुणे करारापाशी मी मुद्दाम आलो. कारण पडद्यावर आपला माणूस दिसला की आपली पोरं लगेच स्टेटसला टाकतात, 'आपलं प्रतिनिधित्व झालं'. झालं का? २४ सप्टेंबर १९३२ ला काय झालं ते आठवा. राखीव जागा वाढल्या, प्रांतांत १४८ झाल्या. पण शेवटी कोणाला निवडायचं ते सगळ्या मतदारांच्या हातात गेलं. जागा वाढल्या, हात बदलला. पन्नास वर्षांनी, १९८२ ला, कांशीरामांनी त्या हाताखालून कोण निवडून येतं ते 'चमचा युग'मध्ये लिहून ठेवलं. मी पडद्याला तोच प्रश्न विचारतो. चेहरा आपला आहे, ठीक. पण निवडला कोणी? गोष्ट कोणाच्या हातात आहे? शेवटच्या रिळात काय होणार ते कोण ठरवतं?

एक परदेशी उदाहरण घेतो, कारण ते फिरून आपल्याच दारात येतं. अमेरिकेत १९६२ साली मॅडलीन लेंगल या बाईने पोरांसाठी कादंबरी लिहिली, 'अ रिंकल इन टाइम'. एक पोरगी हरवलेल्या बापाला शोधायला दुसऱ्या ग्रहांवर जाते. २०१८ साली त्याचा मोठा सिनेमा निघाला. दिग्दर्शक एव्हा ड्यूव्हर्ने, काळी बाई. १० कोटी डॉलरच्या वरचं बजेट काळ्या बाईच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. तिने ती पोरगी, मेग, काळी केली. मी तो मोबाइलवर पाहिला. इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं, पण एक गोष्ट पूर्ण कळली. त्या पोरीला स्वतःचे कुरळे केस आवडत नाहीत. पुढे सैतानासारखी एक शक्ती तिला तिचंच सुधारून वाढवलेलं रूप दाखवते, सरळ केसांचं, झकपक. हो म्हण, की तू अशी होशील. ती नाही म्हणते. गोऱ्या दिग्दर्शकाने काळी पोरगी घेतली असती तर तिला तलवार दिली असती, पंख दिले असते. केस सुचले नसते. हात बदलला की काय बदलतं ते इथं दिसतं. ज्याच्या डोक्यावर ते केस आहेत त्यालाच ठाऊक असतं की सैतान कुठून आत येतो.

सिनेमा धंद्यात पडला, ते वेगळं. आणि कंपनी डिस्नेची, हेही विसरू नका. शेठने ऑफिसात बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून बोनस वाढत नाही, हे मिलमध्ये काम करणाऱ्याला सांगायला नको. पण फोटो लावला नाही तर बोनस वाढतो, असंही नाही ना.

याच बाईने २०२३ साली 'ओरिजिन' काढला. अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जात एका धाग्यात ओवणारा. त्यात बाबासाहेब आहेत, आणि आपल्या नांदेडचा सूरज येंगडे स्वतःच्याच भूमिकेत आहे. आधी एका काळ्या पोरीला आकाशात पाठवलं, मग जात समजून घ्यायला ती आपल्या दारात आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पोरीचं स्वप्न, मग बापजाद्यांचं दुःख. आपल्याकडे नेहमी उलटं, आणि बहुतेक वेळा स्वप्नापर्यंत गाडी पोचतच नाही.

'फँड्री' घ्या. नागराज मंजुळे, २०१३. इथं हात आपला आहे, यात शंका नाही. जब्या करणारा सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा पोरगा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बदलीवरचा दलित नाही, कायमचा. आणि त्या सिनेमात जादू आहे, हे लोक विसरतात. काळी चिमणी. तिची राख टाकली की शालू वश होणार. जब्या अख्खा सिनेमाभर गलोल घेऊन त्या चिमणीमागे फिरतो. ते पोर जादूच्याच सिनेमात आहे हो! पण त्याच्या भोवतीचं गाव वास्तववादी सिनेमात आहे. त्याला चिमणी मिळत नाही, डुक्कर पकडावं लागतं. शेवटी तो दगड मारतो आणि पडदा काळा होतो. रोझीच्या वेळी दगड प्रेक्षकांकडून पडद्यावर गेला होता, इथं तो पडद्याकडून प्रेक्षकांवर आला. मी अकोल्यात ते पाहिलं तेव्हा खुर्चीत मागे सरकलो होतो.

तरी माझं एक दुखणं आहे. त्यांच्या पोरांच्या वाट्याला जादू, आमच्या पोरांच्या वाट्याला वास्तव. त्यांचं पोर पडद्यावर उडतं, आमचं डुक्कर धरतं. वास्तव सांगायलाच पाहिजे, मी कविताही तीच लिहितो. पण सहा वर्षांच्या पोराला आपण सारखं तुझं दुःख बघ, तुझं दुःख बघ म्हणून किती दाखवणार? उडायचं स्वप्न पडणं हीसुद्धा मालमत्ता आहे, आणि तिचाही सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

इथं आपले बौद्ध उपासक मला धरतील. बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना? चमत्कार नाकारले ना? बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये म्हातारा-रोगी-प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची गोष्टही बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. मग तू पोरांना उडणारी माणसं दाखवणार? आक्षेप वजनदार आहे. मी एवढंच म्हणतो की 'हे खरं आहे, हात जोड' असं सांगणं वेगळं आणि 'समजा असं झालं तर' असं सांगणं वेगळं. पहिल्यात पोराची मान खाली जाते, दुसऱ्यात वर होते. आणि आपली परंपरा काही कोरडी नव्हती. अजिंठ्याच्या भिंतीवर सहा दातांचा हत्ती रंगवलाय, तो जातकातलाच.

जातकांतच एक गोष्ट आहे, क्रमांक ४९७, मातंग जातक. ती मी जेवढ्यांना विचारली त्यातल्या फार थोड्यांना माहीत होती, म्हणून सांगतो.

काशीच. तेच गाव. तिथं बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मला, नाव मातंग. एका शेठची पोरगी, दिट्ठमंगलिका, बागेत निघालेली. वाटेत हा दिसला. कोण तो? चांडाळ. अरे रे, म्हणून तिने सुगंधी पाण्याने डोळे धुतले आणि माघारी फिरली. तिच्यासोबतच्या लोकांचं फुकटचं खाणंपिणं बुडालं, म्हणून त्यांनी मातंगाला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. शुद्धीवर आल्यावर तो तिच्या बापाच्या दारात जाऊन पडला. पोरगी दिल्याशिवाय उठणार नाही. सात दिवस. सातव्या दिवशी त्यांनी पोरगी दिली. तो म्हणाला, तुझ्या माणसांनी मला मारून लुळं केलंय, पाठीवर घे. आणि तिने त्याला पाठीवर घेऊन भर शहरातून चांडाळवस्तीत नेलं. पुढे तो तप करतो, आकाशात उडतो. तिचा पोरगा मोठा होऊन ब्राह्मणांना जेवण घालतो आणि दारात आलेल्या मातंगाला हाकलतो. मातंग आकाशात निघून जातो, आणि यक्ष येऊन त्या पोराच्या अन् ब्राह्मणांच्या माना पिरगाळून ठेवतात. त्या सरळ कशाने होतात? मातंगाच्या भांड्यातलं उष्टं तोंडात घातल्याने.

काढा आता पिक्चर! उडणं आहे, भुतं आहेत, हसू आहे, पोरं टाळ्या वाजवतील. हरिश्चंद्रासाठी फाळके धावले, प्रभात धावली. त्याच काशीतल्या मातंगासाठी कोणी कॅमेरा उचलला? पोरगी देऊन टाकली, तिला कोणी विचारलं नाही, हे या गोष्टीतलं वाईट आहे, आपण करताना ते बदललं पाहिजे. डोळे धुणारी पोरगी स्वतःहून पाठीवर घेते, असं केलं तर गोष्ट आणखी उंच जाईल.

आणि मातंग हे नाव कोणाचं ते सांगायला नको. अण्णाभाऊंनी 'फकिरा' १९५९ साली बाबासाहेबांना अर्पण केली, ती फकिराही मांगाचीच गोष्ट. आपल्या जयंतीच्या स्टेजवर अण्णाभाऊंचा फोटो किती ठिकाणी असतो, आणि १ ऑगस्टला आपल्यातले किती जण तिकडे जातात? डिस्नेला जाब विचारताना हेही जरा मोजून ठेवा.

आसेगावात आम्ही पाच-सहा जण ही गोष्ट मोबाइलवर करायला निघालोय. पैसा नाही, लागतही फार नाही. पहिली बैठक विहारात झाली, ती उडण्यावरच मोडली. एक जण म्हणतो मातंग उडाला तर मी यात नाही. दुसरा म्हणतो उडाला नाही तर पोट्टे पाहणार नाहीत. मी उडवायच्या बाजूने आहे. मातंगाचं काम करायला पलीकडच्या मातंग वस्तीतला एक पोरगा कधीचा तयार आहे, रोज विचारतो, भाऊ कवा सुरू? दिट्ठमंगलिकेसाठी आपल्या वस्तीत चार घरी जाऊन आलो. पोरींना करायचंय. मेकअपबद्दल विचारतात, डायलॉग किती ते विचारतात. घरचे आधी ते काम कोणासोबत आहे ते विचारतात. मग म्हणतात, बघू, पोरीचा अभ्यास आहे. रविवारी पुन्हा बसायचं ठरलंय.